पवईच्या काठावर अण्णांचा गळ

गेल्या दिवाळीनंतर लालबागच्या आमच्या घरात एका अगदी छोट्या वस्तूवरून बरेच दिवस वाद चालला होता. ती वस्तू म्हणजे मासे धरण्याचा गळ. करंगळीच्या पेराएवढा, वाकडा, टोकाशी उलटा काटा असलेला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जुन्या पत्र्याच्या पेटीत तो तंगुसाच्या गुंडाळीसकट सापडला. अण्णांनी तो चिमटीत धरला, उजेडात फिरवून पाहिला आणि "गंजूक नाय," एवढेच म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी आपणहून उच्चारलेले ते पहिलेच शब्द असावेत.

अण्णांचे वय ७९. कणकवलीजवळच्या एका गावातून विशीच्या आत ते मुंबईत आले आणि गिरणीच्या साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते छत्तिशीत होते. पुढे त्यांच्यासाठी गिरणीचे दार उघडले नाही. मिळेल ते काम करून त्यांनी संसार ओढला. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या.

तेव्हापासून आम्ही त्यांच्या भोवतीच्या वस्तू एकेक करून उचलत गेलो. प्रथम काडेपेटी, मग दाढीचे पाते, मग पैशांचे पाकीट, घराच्या किल्ल्या, सुरी. प्रत्येक वेळी कारण सबळ होते. एकदा गॅस उघडा राहिला होता. एकदा ते कोणाला न सांगता परळच्या पुलापर्यंत चालत गेले होते. रुग्णाची देखभाल करणाऱ्या बहुतेक घरांत हेच घडते, आणि ते चूक आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण वस्तूंबरोबर माणसाची कामेही जातात, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. ज्याच्या हातून शेंगा सोलण्याचे कामसुद्धा काढून घेतले आहे असा माणूस दिवसभर खिडकीत बसून राहतो, आणि आपण पाहुण्यांना सांगतो, "आजारामुळे हल्ली ते गप्प असतात."

माझ्या यजमानांचे म्हणणे होते की अण्णांना एकदा तळ्यावर न्यावे आणि गळ त्यांच्याच हातात द्यावा. माझा विरोध होता. दिवसाचे चोवीस तास त्यांच्यामागे मी असते. रुतलेला गळ, पाण्याचा काठ, अनोळखी जागा, या साऱ्याची किंमत शेवटी मलाच मोजावी लागणार, हा माझा हिशेब होता. तो स्वार्थी होता असे मला आजही वाटत नाही.

निर्णय डॉक्टरांवर सोपवावा म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. काही प्रश्न विचारले. सलग दोन सूचना दिल्या तर अण्णा त्या पाळू शकतात का? अडवले तर संतापतात का? दिवसाच्या कोणत्या वेळी ते सर्वांत शांत असतात? आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसण्यावाचून दुसरे कोणतेही काम नसलेला माणूस तुमच्याकडे आहे का? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरी आली. चौथ्या प्रश्नावर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, ती देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. आपण 'स्मृती' हा एकच शब्द वापरतो, पण मेंदूत स्मृतीची कोठारे निरनिराळी असतात. काल काय घडले, कोण भेटले, या आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, आणि अल्झायमरच्या आजारात तो भाग बहुधा आधी खचू लागतो. वर्षानुवर्षे हात जे करत आले, म्हणजे वेणी घालणे, पोळी लाटणे, सायकल चालवणे, गाठ मारणे, त्याची स्मृती मेंदूच्या दुसऱ्या भागांवर अवलंबून असते आणि पुष्कळ रुग्णांत ती बराच काळ शाबूत राहते. म्हणूनच सुनेचे नाव विसरलेली आजी तांदूळ मात्र अचूक पाखडते.

त्याची प्रचीती घरीच आली. आमच्या बारा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर पाहून तंगुसाला गळ बांधण्याचा प्रयत्न केला. गाठ दर वेळी निसटे. अण्णा थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तो दोरा हातातून घेतला, गळाच्या कडीतून ओवला, स्वतःभोवती पाच-सहा वेढे दिले, टोक मागच्या फटीतून काढले, जिभेने ओले केले आणि ओढून घट्ट केले. साच्यावर तुटलेला धागा सांधणारी ती बोटे होती. "कसे केलेत?" असे विचारल्यावर त्यांना सांगता येईना. "हाताक कळता," ते म्हणाले.

माझा विरोध त्या दिवशी निम्मा गळून पडला.

तळे शोधताना

आता जायचे कोठे? एके काळी हा प्रश्न पडला नसता. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही गिरगाव व आसपासच्या भागांतील नावे कधीकाळच्या खऱ्या पाण्याची आहेत. वस्ती वाढली, रस्ते आले आणि पाणी बुजले. आरोग्याचे कारणही होतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील हिवतापाचा शोध घेताना डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील विहिरींकडे आणि पाण्याच्या टाक्यांकडे बोट दाखवले होते, कारण हिवतापाचे डास तेथेच वाढत. (गंमत अशी की त्याच डासांच्या अळ्या खाण्यासाठी आज साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात.) गिरण्यांच्या आवारांतही वाफेच्या यंत्रांसाठी तलाव असत. जेवणाच्या सुट्टीत तेथे चोरून गळ टाकल्याच्या आणि पहारेकऱ्याने पकडल्यावर त्यालाच अर्धी मासळी दिल्याच्या गोष्टी अण्णा पूर्वी रंगवून सांगत. आता ते तलावही बहुतेक इमारतींखाली गेले.

उरते पवई. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी असे तलाव मुंबईच्या तहानेसाठी बांधले गेले. त्यांच्या पाठोपाठ १८९१ च्या सुमारास पवईचा बांध पडला. विहार आणि तुळशीचे पाणी आजही शहर पिते. पवईचे पाणी मात्र पिण्यास योग्य ठरले नाही. ते औद्योगिक आणि इतर वापरापुरते राहिले, आणि तलाव मासेमारीच्या शौकिनांचा झाला. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची संघटना अनेक दशके या तलावाशी जोडलेली आहे. रोहू, कटला, मृगळ हे येथले नामांकित मासे. तिलापिया आगंतुक, पण भरपूर. पावसाळ्यात पवई भरून वाहू लागली की तिचे पाणी मिठी नदीत उतरते आणि थेट माहीमच्या खाडीत येते, म्हणजे आपल्या दादरच्या उशाशीच.

पवईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तलावात सांडपाणी मिसळत आले आहे, जलपर्णी माजते, आणि मगरी आहेत. ही दंतकथा नव्हे. त्या काठावर ऊन खाताना दिसतात. त्यामुळे मनात आले आणि वाटेल त्या काठावर बसलो, असे येथे करू नये. आमच्या शेजारच्या इमारतीतील एक गृहस्थ जुने गळकरी आहेत. त्यांच्या मदतीने रीतसर विचारपूस करून, परवानगी घेऊन, सुरक्षित अशी ठरलेली जागा आम्ही निश्चित केली. आदल्या रविवारी यजमान एकटे जाऊन ती पाहून आले. गाडीपासून किती पावले चालावे लागते, पायऱ्या किती, कठडा आहे का, सावली कोणत्या वाजेपर्यंत टिकते, स्वच्छतागृह किती लांब आणि तेथे धरायला आधार आहे का, हे सारे त्यांनी कागदावर लिहून आणले. वृद्धांची सहल बिघडते ती बहुधा स्वच्छतागृहामुळे, आणि नेमके तेच विचारायला आपण संकोचतो.

तयारी

दिवस जानेवारीच्या मध्याचा ठरवला. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, असे शेजारच्या गृहस्थांनी बजावले होते. पण आम्हाला माशाच्या भुकेपेक्षा अण्णांच्या अंगाला सोसणारे ऊन महत्त्वाचे होते.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. 'तहान लागली की मागतील' या भरवशावर राहिल्यास वृद्ध माणूस तासन्‌तास पाण्यावाचून बसतो, आणि नंतरची चक्कर किंवा गोंधळ आजाराच्या खाती मांडला जातो. आम्ही दर अर्ध्या तासाला थोडे थोडे पाणी देण्याचे ठरवले आणि ते काम मुलाकडे दिले. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी अर्थातच तेच प्रमाण पाळावे. लघवी वाढवणारी गोळी सहलीच्या सकाळी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने ती टाळू नये. अण्णांना मधुमेह आहे. म्हणून न्याहारी घरच्याच वेळी झाली पाहिजे, हे पक्के ठरले, आणि पिशवीत साखरेची पुडी ठेवली. अचानक घाम, थरथर, भलतीच चिडचिड किंवा गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात साखर उतरल्याचा गोंधळ आजाराच्या गोंधळात सहज लपतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता, आमचे दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी घातली. तशीच एक प्रत यजमानांच्या पाकिटात.

राहिला गळ. शेजारच्या गृहस्थांनी साधा उपाय सांगितला. पकडीने दाबून त्याचा उलटा काटा सपाट करून टाकला. असा गळ माशाच्या तोंडातून चटकन सुटतो, माणसाच्या बोटातूनही. उलटा काटा शाबूत असलेला गळ मांसात रुतला तर तो ओढून काढू नये, जखम फाटते. दोरा कापावा, गळ हलणार नाही असा आधार द्यावा आणि डॉक्टरांकडे जावे. डोळ्याजवळ रुतला तर त्याला स्पर्शही करू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. अशा पाण्याकाठी हातापायांवरच्या जुन्या जखमा झाकलेल्या असाव्यात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोस्पायरोसिसचा तडाखा अनुभवला आहे. तळ्यावरून आल्यानंतर महिन्याभरात ताप आला, तर पाण्याशी संबंध आला होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

काठावर

सकाळी साडेसहाला टॅक्सीने निघालो. करी रोडहून कांजूरमार्गपर्यंत लोकलने आणि पुढे रिक्षाने जाता येते, पण गर्दी आणि जिने अण्णांना झेपणारे नव्हते. पूर्व द्रुतगती मार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला वळेपर्यंत अण्णा दोनदा "गावाक चललंव?" असे विचारून झाले होते. पहिल्यांदा मी खरे उत्तर दिले. दुसऱ्यांदा मुलगा म्हणाला, "तळ्यावर चाललोय, आजोबा. मासे धरायला." अण्णांनी मान हलवली आणि मग विचारले नाही.

आम्ही बिनहातांची घडीची खुर्ची नेली होती. ती मोठी चूक ठरली. गुडघ्याच्या उंचीची, पाय सपाट टेकतील अशी आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची हवी. हातांवर जोर देऊन उठता येते, तोल जात नाही. अण्णांना दर वेळी दोघांनी धरून उठवावे लागले आणि ते त्यांना मुळीच आवडले नाही. बराच वेळ बसल्यावर एकदम उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून उठण्याआधी मिनिटभर पायांची बोटे हलवायला लावायची, एवढे मात्र आम्ही पाळले.

आमिषासाठी हळद घालून घट्ट मळलेली कणीक नेली होती. अण्णांनी तिची सुपारीएवढी गोळी केली, नाकाशी नेली, नापसंतीने मान हलवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मीठ घातलंस?" घातले होते, सवयीने. सुदैवाने शेजारच्या गृहस्थांकडे पाव होता.

मग ते बसले. दोरा तर्जनीवरून सोडलेला, बूच पाण्यावर, नजर बुचावर. खिडकीत बसतात तसेच बसले होते, तितकेच गप्प. तरी ते निराळे होते. खिडकीतले गप्प बसणे रिकामे असते. येथे ते वाट पाहत होते. मुलगा मध्येच दोरा ओढू लागला तेव्हा त्यांनी त्याचा हात हलकेच दाबला. "घाय करू नको. पयलो तो नुसतो चाखून बघता." आणि त्याला हाक मारली ती आपल्या धाकट्या भावाच्या नावाने. तो भाऊ जाऊन पंधरा वर्षे झाली. मी दुरुस्ती करण्यासाठी तोंड उघडले, पण मुलाने त्याआधीच "ओ" दिली होती.

पहिला मासा पळाला. दुसरा लागला तेव्हा यजमान पुढे सरसावले, आणि अण्णांनी कोपराने त्यांना मागे सारले. तळहाताएवढी तिलापिया होती. अण्णांनी ओल्या हाताने ती धरली, गळ काढला, मुलाला दाखवली आणि त्यालाच पाण्यात सोडायला लावली. पवईची मासळी घरी आणून खाण्याचा आमचा विचार नव्हताच. पाण्याची अवस्था पाहता कोणी खाऊही नये. तरी सोडताना अण्णांच्या कपाळावर आठी पडलीच. मालवणी माणसाने हातात आलेला मासा सोडणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

माझ्याविषयीही एक सांगते, कारण हा अंक वाचणाऱ्या अनेकींना ते ओळखीचे वाटेल. डॉक्टरांच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून यजमानांनी त्या दिवशी केवळ अण्णांशेजारी बसायचे ठरले होते. मी दहा-बारा पावलांवर झाडाखाली चहा घेऊन बसले. सुमारे चाळीस मिनिटे मला कशाचाही आवाज टिपायचा नव्हता. दार उघडल्याचा नाही, भांडे पडल्याचा नाही, बाथरूमच्या नळाचा नाही. आपले कान तीन वर्षे सतत ताणलेले आहेत, हे मला ते सैल पडल्यावर कळले. सहल रुग्णासाठी काढली असली तरी देखभाल करणारीला त्यात मोकळा वेळ नेमून द्यावा. 'जमलं तर बस थोडी' असे म्हटल्याने तो मिळत नाही.

साडेदहाच्या पुढे अण्णा अस्वस्थ झाले. दोरा हातातून सुटू लागला, ते सारखे मागे वळून पाहू लागले. "भोंगो वाजलो काय? पाळीचो टाइम झालो." आम्ही दोन गोष्टी चुकीच्या केल्या. एक तर "गिरणी केव्हाच बंद झाली" असे यजमान बोलून गेले, आणि अण्णांचा चेहरा पडला. जणू ती बातमी त्यांना त्याच क्षणी कळली. दुसरे म्हणजे, आणखी अर्धा तास थांबावे म्हणून आम्ही रेंगाळलो. थकव्याच्या पहिल्या खुणेला निघायला हवे होते. परतीच्या प्रवासात ते रागावलेले होते, आणि घरी लिफ्टमध्ये त्यांनी माझा हात झिडकारला.

त्या रात्री मात्र ते पहाटेपर्यंत सलग झोपले. एका सहलीवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. सकाळचे ऊन आणि मोकळी हवा यांनीही झोप लागते. दुसऱ्या दिवशी त्यांना पवई आठवत नव्हती. मुलगा हिरमुसला. "आजोबा, मासा धरलात ना काल?" असे तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर आले नाही की अपमान तेवढा त्यांच्या पदरी उरतो. त्याऐवजी त्याने मोबाइलमधले छायाचित्र दाखवून "हे बघा, तुम्ही धरलेला मासा" असे सांगितले. अण्णांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बारीक असा."

ज्यांना पवईपर्यंत जाणे शक्य नाही, अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा पाण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हट्ट धरू नये. आमच्या ओळखीच्या दादरच्या एका आजी चाकांच्या खुर्चीतून महिन्यातून एकदा सिटीलाइटच्या मासळी बाजारात जातात, पापलेटाचे कल्ले उचलून पाहतात आणि सुनेला भाव पाडायला शिकवतात. घरी मासा खाताना काटे काढून द्यावे लागतात, पण निवड त्यांची असते.

फेब्रुवारीत, ऊन चढण्याआधी आम्ही पुन्हा जाणार आहोत. हातांची खुर्ची मिळाली आहे, कणकेत मीठ घालायचे नाही, आणि दहाला काठ सोडायचा. गळ मुलाच्या कंपासपेटीत कुलपात आहे. तो अण्णांना तळ्यावरच मिळेल, हा मी घातलेला नियम. मधल्या काळासाठी मी त्यांना सुती दोऱ्याचे एक रीळ दिले आहे. संध्याकाळी चहानंतर ते खिडकीपाशी बसतात आणि दोरा ओला करून गजाला गाठी मारतात. आज मोजल्या तेव्हा अकरा होत्या.